टीप द्यावी की देऊ नये?

(हॉटेल कामगार आणि कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



काल रात्री इथे पोचल्यावर आम्ही चौघे स्टँडजवळच्या एका हॉटेलात जेवलो. बिल चुकते झाल्यावर एकाने बडीशेपेच्या बशीत वीस रुपयांची नोट ठेवली. दुसऱ्याने ती उचलून त्याच्या हाती परत दिली. ‘ही सरंजामी बक्षिसी आहे, कामगाराच्या स्वाभिमानाला ती कमीपणा आणते,’ असे त्याचे म्हणणे. वाद रंगला. वाढपी फडके घेऊन शेजारी उभाच होता. अखेर तो म्हणाला, ‘साहेब, कामावर ठेवतानाच मालकांनी सांगितलं होतं, पगार एवढाच, बाकी वर सुटतात. तुमचं ठरलं की सांगा.’ आम्हा चौघांपैकी एकालाही उत्तर सुचले नाही. ते उत्तर शोधण्याचा आज प्रयत्न करतो.

‘बाकी वर सुटतात’ या तीन शब्दांत टीपेचे सारे अर्थशास्त्र आहे. आपण वाढप्यावर खूश होऊन जे देतो, ते मालकाने आधीच त्याच्या पगारातून वजा केलेले असते. आपले औदार्य मालकाची बचत होऊन बसते.

या व्यवहाराचे टोक अमेरिकेत पाहावे. यादवी युद्धानंतर तेथील पुलमन कंपनीने आपल्या शयनयान डब्यांत सेवक म्हणून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय गुलामांना नेमले. पगार तुटपुंजा, भिस्त प्रवाशांच्या टीपेवर. प्रवासी या सर्वांना मालकाच्याच ‘जॉर्ज’ या नावाने हाक मारीत. हसतमुखाने ‘ओ’ देणे हाही नोकरीचाच भाग होता. १९२५ साली समाजवादी नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी संघटना बांधली आणि बारा वर्षे झुंजून १९३७ साली कंपनीला करार करावयास लावला. तरीही प्रथा टिकली. आज तेथे संघराज्याचे किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. पण टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालतात. उरलेली रक्कम टीपेतून भरली नाही, तरच मालकाने ती द्यावयाची. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी मात्र टीपेची ही वजावट नाकारली आहे.

आपल्याला हे परके वाटू नये. गावकीत सरकारची कामे महारांनी करावयाची आणि त्यांच्या पोटाची सोय गावाच्या बलुत्यावर सोडावयाची, ही रीत आपल्याकडे होतीच. बलुते हा नावाला हक्क होता, पण तो पदरात पडणे गावाच्या मर्जीवर होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडताना डॉ. आंबेडकरांनी या मर्जीवरच बोट ठेवले. कामे ठरलेली असावीत आणि मोबदला निश्चित असावा, ही त्यांची मागणी होती. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या खुशीवर अवलंबून असते, त्याला मान वर करून बोलता येत नाही.

आपल्या न्यायालयांनी या प्रश्नाच्या काही बाजू स्पष्ट केल्या आहेत. टीप हा मालकाने दिलेल्या वेतनाचा भाग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली जयपूरच्या एका हॉटेलाच्या खटल्यात सांगितले. टीप मालकाच्या हाती आलीच, तर ती केवळ वाटपासाठी. बिलात सेवाशुल्क परस्पर लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी वैध ठरवली. ग्राहकाची सक्ती त्यामुळे टळली, हे चांगले झाले. वाढप्याच्या पगाराचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

मग आपण कसे वागावे? माझे मत असे की, आजच्या स्थितीत टीप द्यावी. तत्त्वाच्या नावाखाली खिशातली नोट राखणे म्हणजे आपल्या क्रांतीचा खर्च वाढप्यावर टाकणे होय. पण ती शक्यतो हातात द्यावी, फेकू नये. तिच्या बदल्यात सलामाची अपेक्षा धरू नये. स्वयंपाकघरात भांडी घासणारा आपल्याला दिसत नाही. त्याचा वाटा निघतो का, हे विचारावे. दिवाळीची पोस्त देताना जिना झाडणाऱ्या बाईंच्या रोजच्या मजुरीची चौकशी करावी. आणि टीप दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे समजू नये.

काल ती नोट अखेर आम्ही वाढप्याच्या हाती दिली. निघताना मी त्याला पगार विचारला. त्याने आधी गल्ल्याकडे पाहिले आणि मग हलक्या आवाजात आकडा सांगितला. वीस रुपये देणे सोपे होते. तो आकडा त्याला गल्ल्यासमोर मोठ्याने सांगता येईल, असा दिवस आणणे हे इथल्या संघटनेचे, म्हणजे तुमचे आणि माझे, काम आहे.