फिटच्या गोळ्या बंद करण्याआधी

फिट येणाऱ्या माणसाच्या घरात गोळ्यांची धास्ती जवळजवळ आजाराइतकीच असते. आकडी थांबते खरी, पण माणूस पेंगायला लागतो, चिडतो, त्याचं वजन वाढतं. मग सहा महिने फिट आली नाही की कोणीतरी म्हणतं, ‘आता कशाला एवढं औषध?’ आणि गोळ्या बंद होतात. ही धास्ती खोटी नाही. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढू शकतं आणि केस गळू शकतात, लेव्हेटिरासिटामने काहींचा स्वभाव तापट होतो. हा त्रास रुग्ण सांगतो तेव्हा त्याला ‘सहन करा’ म्हणून वाटेला लावणं चूक आहे. पण घरच्या घरी गोळी बंद करणं ही त्याहून मोठी चूक आहे. गोळी अचानक थांबली की झटके दुप्पट जोराने परतू शकतात, एकामागून एक येऊ शकतात. पाच मिनिटांत न थांबणारी फिट जिवावर बेतू शकते. औषध कधीच सुटत नाही, असंही नाही. साधारण दोन वर्षं फिट आली नाही तर अनेकांच्या बाबतीत डॉक्टर तो विचार करतात, मात्र मात्रा काही महिन्यांत थोडी थोडी उतरवत.

या औषधांचं गणित किती नाजूक असतं, ते ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात 1968च्या सुमारास दिसलं. फेनिटॉइन घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांचा तोल जाऊ लागला, विषबाधेची लक्षणं दिसू लागली. मात्रा कोणीच वाढवली नव्हती. कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं होतं आणि त्यामुळे तेवढंच औषध रक्तात जास्त उतरत होतं. फेनिटॉइनची मात्रा जराशी वाढली तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढू शकतं. म्हणून दुकानदाराने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी पट्टी दिली, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणखी एक खूण लक्षात ठेवा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं, सोबत ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे औषध थांबवून दुसरं देतात.

सगळ्यात जास्त काळजी तरुण मुलींची वाटते. गरोदरपणी आईने व्हॅल्प्रोएट घेतलं असेल तर शंभरांतल्या सुमारे 10 बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि 30 ते 40 मुलांची वाढ, बोलणं किंवा शिकणं मागे पडू शकतं. म्हणूनच 2018 साली युरोपने या औषधावर कडक बंधनं घातली. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम त्या मानाने बरीच सुरक्षित आहेत, पण हा बदल दिवस राहण्याच्या आधी, सावकाश करायचा असतो. आपल्याकडे तो होत नाही, कारण कितीतरी मुली सासरी गोळ्या लपवून घेतात. हिंदू विवाह कायद्यातली, अपस्मार म्हणजे फिटचा आजार नसण्याची अट 1999 साली काढून टाकली गेली. घरोघरच्या मनातून ती अजून गेलेली नाही. लपवलेली गोळी चुकते, आणि दिवस गेल्याचं कळताच घाबरून बंद केलेली गोळी आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात घालते.

यावर कोणी म्हणेल, ओपीडीत डॉक्टर दोन मिनिटं देतात, एवढं सांगायचं कधी? अडचण खरी आहे. त्यासाठीच एक वही ठेवा: फिटची तारीख, चुकलेली गोळी, झालेला त्रास. ती वही डॉक्टरांपुढे ठेवायला दोन मिनिटं पुरतात. फिट येताना नातेवाइकाने मोबाइलवर चित्रण केलं असेल तर त्याचाही निदानाला उपयोग होतो. दुसरं कोणी म्हणेल, जडीबुटीची पुडी बरी, तिचा काही त्रास नाही. अशा काही पुड्या प्रयोगशाळेत तपासल्या तेव्हा त्यांत फेनोबार्बिटोन निघालं आहे. म्हणजे तेच ॲलोपॅथीचं औषध, पण किती घातलंय ते माहीत नाही आणि लक्ष ठेवायला डॉक्टर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे योग्य निदान आणि उपचार मिळाले तर शंभरांतले 70 रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. तेव्हा घरात कोणी या गोळ्या घेत असेल, तर त्याला काय त्रास होतो ते आज विचारा, वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला सोबत जा. तोवर एकही गोळी चुकू देऊ नका.