भाता आणि पाव मैल

लोहाराच्या पोराच्या हाती आधी हातोडा येत नाही, भाता येतो. वारा कमी पडला तर लोखंड तापत नाही. बेताबाहेर झाला तर बघता बघता लोखंडच जळू लागते, ठिणग्या उडतात आणि हाती उरतो तो कीट. आज ज्या मोटारीविषयी मी आपणांशी बोलणार आहे, तिच्या इंजिनावर असाच एक भाता बसविलेला असतो, आणि तिच्या धन्याची सारी विवंचना लोहाराच्या त्या पोराचीच असते.

ही मोटार कारखान्यातून बाहेर पडत नाही. अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, नोकरीचाकरी करणारी माणसे घरामागच्या गॅरेजात, संध्याकाळच्या फावल्या वेळी ती जुळवीत आली आहेत. जुन्या गाडीचा सांगाडा, भंगारातून आणलेले आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि दोन-तीन वर्षांची शिल्लक, एवढे तिचे भांडवल. तिला काम एकच. उभ्या जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे १३२० फूट, सरळ रेषेत शेजारच्या गाडीच्या आधी गाठायचे. या शर्यतीला ड्रॅग रेसिंग म्हणतात. पूर्वी हे तरुण वाळवंटातील कोरड्या तळ्यांवर, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळदा भर रस्त्यावरही, आपला कंड शमवीत. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. रस्त्यावरचा जीवघेणा खेळ नियमांच्या चौकटीत आणणे हा तिचा हेतू होता.

या मोटारीच्या भात्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथे रूट्स नावाच्या दोघा भावांची लोकरीची गिरणी होती. एका पेटीत एकमेकांना न टेकता फिरणारे दोन पंखे बसवून त्यांनी एक यंत्र केले आणि १८६० मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच्या झोताने कोणा कारागिराची टोपी उडाली आणि हे भट्टीला वारा घालावयास उत्तम, असे तो म्हणाला, अशी कथा सांगतात. ते काही असो. भट्ट्यांना आणि खाणींना वारा पुरविण्याचे काम या यंत्राने पुढे केले. बेळगाव-कोल्हापूरकडे फाउंड्रीत ज्यांनी काम केले आहे, त्यांना भट्टीच्या ब्लोअरचे महत्त्व मी सांगावयास नको.

पुढे जनरल मोटर्सने आपल्या दोन-धावी डिझेल इंजिनांवर हाच ब्लोअर बसविला. सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून त्या इंजिनाचे नाव ६-७१. दुसऱ्या महायुद्धानंतर असे ब्लोअर जुन्या बाजारात मिळू लागले. बार्नी नवारो यांच्यासारख्या कारागिरांनी ते पेट्रोलच्या इंजिनावर चढविले, आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने काढलेल्या अर्धगोल डोक्याच्या व्ही-८ इंजिनावर तर ते फारच शोभले. तेथे त्याला सुपरचार्जर म्हणू लागले.

भाता बसविणे हे अर्धेच काम. खरी परीक्षा पुढे आहे.

आपल्या भोवतीच्या हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारे १५ पौंड असतो. सुपरचार्जरने त्यात आणखी १० पौंडांची भर घातली की सिलिंडरमध्ये पुष्कळ अधिक हवा शिरते, तितके अधिक इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते. पण सायकलच्या पंपाचे तोंड दाबून धरले तर तो गरम होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. १० पौंडांनी दाबलेली हवा, वाटेत इंधनाने गारवा आणला नाही तर, १०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. पट्ट्यावरची पुली बदलून लहान घातली की सुपरचार्जर अधिक वेगाने फिरतो आणि दाब वाढतो. ही गोष्ट इतकी स्वस्त आणि सोपी आहे की मोह आवरत नाही. दाबाबरोबर उष्णताही वाढते, हे मात्र मोहाच्या घटकेस आठवत नाही.

इंधन आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीपासून सुरू होऊन गवताच्या पेटीसारखे कडेकडेने जळत गेले पाहिजे. उष्णता आणि दाब बेताबाहेर गेले की कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्यापूर्वीच एकदम भडकते आणि पिस्टनच्या माथ्यावर घणाचा घाव बसतो. यास नॉकिंग म्हणतात. वरच्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या जुन्या गाडीच्या इंजिनातून जो टकटक आवाज येतो, तो हाच. घाटात तो ऐकून आपण गिअर बदलतो. शर्यतीत उघड्या नळकांड्यांच्या गर्जनेत तो ऐकूच येत नाही. मिनिटास ६००० फेऱ्यांच्या हिशेबाने दहा सेकंदांच्या धावेत प्रत्येक सिलिंडरमध्ये अवघी ५०० ज्वलने होतात. त्यांतली शेवटची शंभर बिघडली तरी ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळून भोक पडावयास पुरेशी असतात.

म्हणून येथे कुशल माणूस दोन गोष्टींवर सर्व कसब लावतो. पहिली ठिणगीची वेळ. पिस्टन वर पोहोचण्याआधी ३० अंशांवर ठिणगी पाडली, तर या वेगात ज्वलनासाठी मिळालेली ती सवड एका सेकंदाचा बाराशेवा भाग एवढीच असते. दाबलेले दाट मिश्रण लवकर जळते, म्हणून सुपरचार्जर असलेल्या इंजिनात ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. वाढविलेल्या दर पौंड दाबामागे साधारण एक अंश उशीर, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे.

दुसरी गोष्ट इंधन. पुस्तकी हिशेबाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. या इंजिनाला मात्र १२ भागांच्याही खाली आणून जास्तीचे पेट्रोल पाजावे लागते. ते जास्तीचे पेट्रोल शक्तीपेक्षा गारव्यासाठी असते. मिथेनॉल या मद्यार्काला पसंती मिळते तीही याचमुळे. त्याची वाफ होताना ते फार उष्णता शोषून घेते. पण हे इंधन खरोखर पोहोचते काय? अंगणात उत्तम चालणारा पंप सुटण्याच्या हिसक्यात, इंधन पाठीकडे रेटले जात असता, अपुरा पडतो. शिवाय कार्ब्युरेटरमधील जादा इंधन सोडणारी झडप पोकळीच्या इशाऱ्यावर चालते. कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या डोक्यावर बसविला की त्याच्या खाली पोकळी आणि सुपरचार्जरच्या खाली दाब, अशी विचित्र अवस्था होते. झडप फसते आणि ऐन गरजेच्या क्षणी मिटते. यावर उपाय एका वीतभर नळीचा आहे. सुपरचार्जरच्या खालून ती झडपेपर्यंत न्यावी. ही नळी न जोडल्याने किती इंजिने गेली असतील, देव जाणे.

निदान करण्याची जुनी रीत अशी. पूर्ण वेगात धाव संपली की तेथेच इंजिन बंद करावयाचे, गाडी नुसती घरंगळू द्यावयाची आणि ठिणगीचे प्लग काढून भिंगाखाली पाहावयाचे. पांढऱ्या चिनी मातीवर कोठे रंग चढला, तारेवर उष्णतेची खूण कोठवर आली, हे वैद्याने जीभ पाहावी तसे पाहतात. मिरीपूड सांडावी तसे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग झाले. चांदीसारखे चकाकणारे कण दिसले तर तो पिस्टनचाच ॲल्युमिनियम. आज प्राणवायू मोजणारे यंत्र नळकांड्यात बसवितात, संगणक प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतो. तरी आठांपैकी एकच सिलिंडर उपाशी असेल तर तो सरासरीत लपून जातो, आणि प्लग ते सांगून टाकतो.

धावेनंतर हाती येणारी चिठ्ठीही वाचता यावी लागते. तीवर लागलेला वेळ आणि अखेरचा वेग असे दोन आकडे असतात. वेळ सुधारला पण वेग तोच राहिला, तर श्रेय टायरांच्या पकडीचे; इंजिनास शाबासकी देऊ नये. वेग घसरला तर पुढच्या धावेस उभे राहण्यापूर्वी प्लग पाहावेत.

हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. इंजिन उलटे पेटले तर सुपरचार्जरच उडून येतो; म्हणून त्याला मजबूत पट्ट्यांनी जखडतात आणि दाब मोकळा करणारी झडप ठेवतात. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीच येथील लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यांनी पुढची गाडी चालक पुढे आणि इंजिन पाठीमागे अशी बांधली, १९७१ मध्ये ती जिंकू लागली आणि काही वर्षांत सर्वांनी तिचे अनुकरण केले. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा यांचा एंगलिशटाऊन येथे मृत्यू झाल्यावर सर्वांत बलाढ्य गाड्यांसाठी १३२० फुटांचे अंतर १००० फुटांवर आणले गेले. घरच्या मोटारी मात्र अद्याप बहुधा पाव मैलच धावतात.

संध्याकाळ झाली आहे असे समजा. गॅरेजातला आपला कारागीर मित्रांसह धावपट्टीच्या कडेला बसला आहे. दिवसाची शेवटची फेरी बाकी आहे, हवा थंड आणि दाट झाली आहे, म्हणजे इंजिनात आपोआपच अधिक हवा जाणार. मित्र म्हणतात, लहान पुली घाल. तो सातव्या सिलिंडरचा प्लग उजेडाकडे धरून बराच वेळ पाहतो, त्यावर चांदीचा एक कण आहे. तो पुलीला हात लावीत नाही. इंधनाचा जेट एका घराने वाढवितो आणि ठिणगी दोन अंशांनी मागे घेतो. शेजारच्या गाडीचा धनी सहज विचारतो, दाब किती ठेवला आहेस? तो एक आकडा सांगतो. तो आकडा अर्थातच खरा नसतो.