जिभेची परीक्षा आणि सुईचा मार्ग
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



आपल्या बाह्यरुग्ण विभागात अ‍ॅक्युपंक्चरची खोली सुरू झाल्यापासून एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. पोलादपूरच्या वाडीवरून कंबर धरून आलेल्या आजीला हे चिकित्सक आधी जीभ का दाखवायला सांगतात? दुखणे कमरेत, मग तपासणी तोंडात कशासाठी? काही देणगीदारांनी त्यापुढचाही प्रश्न केला की, ज्या शास्त्राची उपपत्ती आपल्याच डॉक्टरांना मान्य नाही, त्यावर धर्मादाय पैसा का खर्च करावा? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक आमचा विषय नव्हे. तरीही ज्या खर्चाचा हिशेब आम्ही सभेपुढे ठेवतो, तो कशासाठी झाला हे समजून घेणे आमचे कर्तव्य होते.

जीभ पाहणे आपल्याला परके नाही. आयुर्वेदाच्या अष्टविध परीक्षेत नाडीबरोबर जिव्हाही आहे. चिनी परंपरेने मात्र जिभेचा जणू नकाशाच आखला. टोक हृदयाचे, त्याच्या मागचा भाग फुप्फुसाचा, कडा यकृत व पित्ताशयाच्या, मध्य प्लीहा व जठराचा आणि मूळ मूत्रपिंडाचे. जीभ फिकट, फुगीर, कडांवर दातांचे ठसे आणि वर ओला पांढरा थर असला, तर शक्ती क्षीण झाली असून शरीरात गारठा व ओल साचली आहे, असे ते मानतात. लाल जीभ व पिवळा थर उष्णतेचा. जांभळट छटा रक्त साकळल्याची.

यानंतर मार्ग निवडण्याची पायरी येते. या शास्त्राप्रमाणे ‘ची’ नावाची प्राणशक्ती बारा मुख्य मार्गांनी वाहते. शरीराच्या मध्यरेषेवरील पुढचा व मागचा असे आणखी दोन मार्ग धरून ३६१ बिंदू मानले जातात. कोणता मार्ग घ्यायचा हे आधी दुखण्याच्या जागेवरून ठरते. कपाळ दुखत असेल तर जठराचा, कानशिले दुखत असतील तर पित्ताशयाचा, मानेकडून डोके चढत असेल तर मूत्राशयाचा, टाळू दुखत असेल तर यकृताचा. मूत्राशयाचा मार्ग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मांडीच्या मागून पायाच्या करंगळीपर्यंत जातो. म्हणून आषाढात लावणीला वाकून कंबर धरलेल्या बाईच्या गुडघ्यामागच्या घडीत सुई टोचतात. हे पाहून तिच्या सुनेला हसू आवरत नाही. शिवाय ‘सुईत औषध कुठे आहे?’ हा प्रश्न ठरलेलाच.

जागा एकच असली तरी उपचार एकच नसतो. तो फरक जीभ ठरवते. फिकट, ओल्या जिभेच्या रुग्णाला गुडघ्याखाली चार बोटांवरचा, नडगीच्या बाहेरचा बिंदू देतात आणि दवण्याच्या जातीच्या वाळलेल्या वनस्पतीचा शेक देतात. लाल जिभेच्या रुग्णाला तो शेक वर्ज्य. अर्थात आपल्या भागात ही परीक्षा वाटते तितकी सोपी नाही. मिश्री लावणाऱ्या बायका, तंबाखूचा बार भरणारे पुरुष, उन्हाळ्यात करवंदे-जांभळे खाऊन आलेली मुले, यांच्या जिभेचा रंग चीनच्या ग्रंथात सापडायचा नाही.

ही विद्या भारतात आली, त्या कथेत सोलापूरचे नाव आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीसांनी अ‍ॅक्युपंक्चर आणले, असा समज आढळतो. तो खरा नाही. ते शस्त्रक्रिया करीत आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. पथकातील त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून भारतात तिचा प्रसार केला. महाराष्ट्राने २०१५ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

मान्यता म्हणजे सिद्धता नव्हे, हे आपल्या महाडकरांना कुणी सांगायला नको. १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून घाम, गार पडलेले हातपाय, हृदयाची गती यांच्या नोंदी करीत राहिले. त्या निरीक्षणांतून प्राझोसिनचा उपचार पुढे आला. तरी ते तेवढ्यावर थांबले नाहीत, २०११ मध्ये रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून केलेली चाचणीही त्यांनी प्रसिद्ध केली. निरीक्षण कितीही बारीक असो, त्याची कसोटी लागतेच.

अ‍ॅक्युपंक्चरचीही ती लागली आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, मुद्दाम भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. हिशेबनिसाच्या नजरेने पाहता, नेमक्या मार्गनिवडीच्या खात्यात जमा होतात जेमतेम साडेतीन टक्के, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. उरलेली मोठी रक्कम सुई, विश्रांती, रुग्णाची आशा आणि त्याच्याशी शांतपणे बोलणारा माणूस, यांच्या नावावर समाईक पडते. ती नेमकी कुणाची, हे आम्हाला सांगता येणार नाही. पण ती खोटी नाही.

ही खोली चालू ठेवावी असे आम्हाला वाटते, त्याचे कारण दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आहेत. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे रोज गोळी घेणाऱ्या वृद्धांच्या जठराला व मूत्रपिंडाला त्याची किंमत मोजावी लागते. सुयांनी त्यातल्या काही गोळ्या सुटल्या तरी धर्मादाय पैसा सत्कारणी लागला, असे आम्ही मानतो.

दुसरेही एक कारण आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तोंड उघडून नीट पाहिले जातेच असे नाही. या खोलीत ते प्रत्येकाचे पाहिले जाते. फिकट जीभ दिसली की त्या रुग्णाला प्रथम हिमोग्लोबिन तपासायला पाठवतात. जीभ लाल, गुळगुळीत असेल तर ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पाहावी लागते. कडेला पुसून न जाणारा पांढरा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तंबाखू-सुपारीने आखडलेले तोंड दिसले, तर त्या दिवशी सुई नाही. रुग्ण थेट तज्ज्ञांकडे जातो. तेथे चिनी नकाशा बाजूला राहतो आणि कर्करोगाची शंका आधी फेडली जाते.

म्हणून आपले नियम कडक आहेत. रुग्ण आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासून यावा. सुई एकदाच वापरायची. तिची खरेदी व विल्हेवाट यांची नोंद वेगळी ठेवली जाते, कारण वापरलेली सुई कावीळ पसरवते. ताप, छातीतील कळ, सर्पदंश, विंचूदंश यांवर येथे सुई लावली जात नाही. गर्भवती स्त्रिया व रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी ते प्रथम सांगावे.

आप्तजनांना एवढीच विनंती की, रुग्णाला आणताना त्या सकाळी जीभ घासू नये, पान-मिश्री-चहा आधी देऊ नये, आणि घरात चालू असलेल्या साऱ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, बरोबर आणावीत.