मेमरी कार्ड भरले : काय ठेवावे, काय काढावे?

(दूधविनायक येथे गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवाच्या या व्यासपीठावर आपण दरवर्षी मोठमोठ्या विद्वानांना ऐकतो. यंदा कार्यकर्त्यांनी मला "मोबाइलचे मेमरी कार्ड रिकामे कसे करावे" हा विषय दिला, तेव्हा काही जणांना हसू आले. विषय लहान वाटतो खरा. परंतु आज आपल्या घरातील फोटो, आवाज आणि आठवणी कपाटात कमी आणि मोबाइलमध्ये जास्त आहेत, हे लक्षात घेतले तर तो लहान राहत नाही. मी काही इंजिनियर नाही. बरीच वर्षे शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यावर गल्लीतील आजी-काकूंचे मोबाइल पाहून देते, एवढीच माझी पात्रता. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

आपल्याच भागातील एका घराची हकीकत आधी ऐका. नाव सांगत नाही. घरातील आजोबा वेदपाठी होते. त्यांच्या शेवटच्या वर्षांत नातवाने त्यांचा रुद्रपाठ तीन वेगवेगळ्या दिवशी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. पुढे आजोबा गेले. काही महिन्यांनी "जागा संपली" असा संदेश रोज येऊ लागला, तेव्हा मोबाइल एका दुकानात दिला. तेथील मुलाने कार्ड साफ करून दिले, फोन झरझर चालू लागला, आणि तिन्ही ध्वनिमुद्रणे गेली. त्या घरच्या काकू माझ्याकडे आल्या तोपर्यंत त्याच कार्डावर दोन आठवड्यांचे नवे व्हिडिओ चढले होते, त्यामुळे काहीच परत निघेना. सुदैवाने त्यातील एक पाठ आजोबांच्या धाकट्या बहिणीला इंदूरला पाठवलेला होता आणि त्या आत्याबाईंनी तो जपून ठेवला होता. तेवढा एक परत मिळाला. दोन कायमचे गेले.

आता यातील हिशोब पाहा. साधे ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १ एमबी जागा घेते. म्हणजे तासाभराच्या पाठाला ६० एमबी. उलट फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी घेतो. म्हणजे आजोबांचा तासभराचा आवाज आणि कोणाच्या तरी वरातीतील अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ यांना सारखीच जागा लागते! ३२ जीबीच्या कार्डावर व्हिडिओ जेमतेम चार-पाच तासांचे मावतील, पण नुसता आवाज पाचशे तासांहून अधिक मावेल. माझे आजचे सारे सांगणे या एका हिशोबात आहे. जे आपल्याला प्रिय असते ते बहुधा फार जागा घेत नाही. जागा खाणारे वेगळेच असते. म्हणून जागा हवी असेल तेव्हा मौल्यवान वस्तूला हात लावण्याची वेळच येऊ नये.

मग जागा खाते कोण? अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राने जानेवारी २०१८ मध्ये या विषयावर बातमी दिली होती. वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या पाहणीचा त्यात उल्लेख होता. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या फोनची जागा रोज संपते, अमेरिकेत हेच प्रमाण दहात एक आहे, असे ती पाहणी सांगत होती. आणि कारण काय, तर आपले 'सुप्रभात'! सूर्योदय, गुलाबाची फुले, चहाचा कप आणि वर सुविचार. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स गो' नावाचे ॲप काढले. असे संदेश शोधून एकदम काढून टाकण्याची सोय त्यात पुढे केली गेली. आज तेच ॲप 'फाइल्स बाय गूगल' या नावाने मिळते. आपल्या शुभेच्छांनी एवढ्या मोठ्या कंपनीला कामाला लावले, याचा अभिमान बाळगावा की नाही ते तुम्हीच ठरवा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ जण म्हणतात, "ताई, मोठे कार्ड घातले, तरी जागा नाही असेच येते." याचे कारण असे की मोबाइलमध्ये दोन कोठ्या असतात. एक फोनची स्वतःची आणि दुसरी मेमरी कार्डाची. व्हॉट्सॲपवर येणारे फोटो आणि व्हिडिओ फोनच्या स्वतःच्या कोठीत साठतात, कार्डावर जात नाहीत. त्यामुळे कार्ड रिकामे असले तरी फोन भरतो. म्हणून प्रथम सेटिंग्जमध्ये जाऊन 'स्टोरेज' उघडा आणि कोणती कोठी भरली आहे ते पाहा. फोनची भरली असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो कार्डावर साठवण्याचा पर्याय निवडा. हल्लीच्या अनेक नव्या फोनमध्ये कार्डाची खाचच नसते. त्यांना एकाच कोठीत भागवावे लागते.

सफाईचा क्रम असा ठेवावा :

१) व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' आहे. तेथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढून दाखवतात. सुरुवात येथून करा. निम्मे काम येथेच होते.

२) तेथेच 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करा. मग जे तुम्ही बोट लावून उघडाल तेवढेच फोनमध्ये येईल. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही.

३) आपण ग्रुपवर पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंची आणखी एक प्रत व्हॉट्सॲपच्या 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये राहते. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये आहे याची खात्री करून ही दुसरी प्रत काढावी.

४) ॲपची 'कॅश' पुसली तर नुकसान होत नाही. मात्र शेजारीच 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असते, त्याला हात लावू नये. त्याने त्या ॲपमधील तुमचे सर्व काही पुसले जाते.

५) काढलेले फोटो बहुतेक फोनमध्ये साधारण ३० दिवस कचरापेटीत राहतात आणि तोपर्यंत जागा अडवतात. चुकून काही गेले असेल तर आधी तेथे शोधा. नीट पाहून झाल्यावरच ती पेटी रिकामी करा.

आता फसगतीच्या जागा सांगते. गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याने फोनमधील प्रत जाते आणि गूगलकडील राहते. दुसऱ्याने दोन्ही जातात. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो तिच्यात मोजले जातात, आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून मोजला जाऊ लागला. तेव्हा "सगळे गूगलवर आहे" असे म्हणून निश्चिंत होण्याआधी खरोखर आहे का, ते उघडून पाहावे.

कार्डाबद्दलही तसेच. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असते. बोटाच्या नखाएवढी वस्तू. तिच्यात ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येते आणि ती पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. नवे कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात, "फोनची अंतर्गत जागा म्हणून वापरू का?" हो म्हटले तर ते कार्ड पुसले जाते आणि त्याच फोनशी कुलूपबंद होते. दुसऱ्या फोनमध्ये किंवा संगणकात ते वाचता येत नाही. बाजारात खोटी कार्डेही मिळतात. वर ५१२ जीबी छापलेले असते, आत त्याच्या अंशभरही जागा नसते. सुरुवातीला सर्व ठीक दिसते आणि खरी जागा संपली की फायली खराब होऊ लागतात. फार स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नये. कार्ड काढताना आधी सेटिंग्जमध्ये 'इजेक्ट' करावे, मगच काढावे.

आणि चुकून काही पुसले गेलेच, तर त्या क्षणी कार्ड बाहेर काढा आणि त्याच्यावर काहीही नवे साठवू नका. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले की मग जाते. कार्ड साधे वापरले असेल, तर जाणकार माणूस संगणकावर ती पुष्कळदा परत काढू शकतो. फोनच्या अंतर्गत कोठीतून गेलेले मात्र सहसा मिळत नाही. वर सांगितलेल्या घरी दोन आठवडे थांबले नसते, तर कदाचित निकाल वेगळा लागला असता.

परंतु खरा उपाय पुसण्याच्या आधीचा आहे. गणपतीची उत्तरपूजा झाल्याशिवाय आपण विसर्जन करत नाही. तसेच, प्रत काढल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, असा घरात नियम करा. प्रती निदान दोन हव्यात. एक घरी पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर, आणि दुसरी दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे. पुणे, इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर, आपले कोणी ना कोणी सगळीकडे आहेच. इंदूरच्या आत्याबाईंनी तेच केले, नकळत.

काशीत राहणाऱ्याला हे नवे वाटू नये. वेद हजारो वर्षे टिकले ते मुखोद्गत राहून. एकच मंत्र पदपाठात सुटा म्हणायचा, क्रमपाठात दोन-दोन पदे जोडून म्हणायचा, जटा आणि घनात तीच पदे उलटसुलट म्हणायची. एखादे अक्षर चुकले तर दुसऱ्या पाठात उघडे पडते. आणि एकच संहिता कितीतरी घरांतील कितीतरी जणांना पाठ. एक घर बंद पडले तरी पाठ चालू राहिला. या वेदपठणाच्या परंपरेची युनेस्कोने २००३ साली मानवजातीचा अनमोल वारसा म्हणून दखल घेतली. अनेक प्रती आणि पडताळणी, दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

दुसरा धडा आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. यात्रेकरू आला की त्याचे नाव, गाव, वाडवडिलांची नावे आणि तिथी एवढेच ते लिहून घेत. म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचा मजकूर एका वहीत मावला आणि शोधल्यावर सापडला. आपल्या मोबाइलमधील फायलींची नावे मात्र आकड्यांची रांग असते. पाच वर्षांनी कोणाला कळणार की आत काय आहे? म्हणून जपायच्या प्रत्येक फायलीला नाव द्या. कोणाचा आवाज, काय म्हटले, कोठे आणि कोणत्या साली. दोन मिनिटांचे काम आहे.

शेवटी कमिटीला दोन सूचना करते. आरतीच्या वेळी पंधरा-वीस हात मोबाइल धरून वर असतात. सर्वांचा व्हिडिओ एकच, आणि तो पुन्हा सर्वांच्या फोनवर फिरतो. त्यापेक्षा दोन कार्यकर्त्यांवर चित्रीकरण सोपवावे, मंडळाच्या संगणकावर ते एका जागी ठेवावे आणि ज्याला हवे त्याने मागून घ्यावे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. आपल्या गल्ल्यांतून आज जी मराठी बोलली जाते, तिच्यात हिंदी आणि भोजपुरी अशी मिसळली आहे की ती पुण्यातही नाही आणि नागपुरातही नाही. ती शुद्ध आहे की अशुद्ध, हा वाद नंतर करू. ती बोलणारी, मंगळागौरीची गाणी म्हणणारी, जुन्या वाड्यांच्या गोष्टी सांगणारी माणसे आज आपल्यात बसली आहेत. तरुणांनी पुढच्या उत्सवापर्यंत प्रत्येक घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा तासभर आवाज ध्वनिमुद्रित करावा, नाव-गाव-तिथी लिहावी आणि एक प्रत मंडळाकडे द्यावी. पन्नास घरांचे पन्नास तास धरले तरी जागा लागेल अवघी ३ जीबी. तेवढी जागा आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये या क्षणी गुलाबाच्या फुलांनी आणि चहाच्या कपांनी अडवलेली असेल. आज रात्री घरी गेल्यावर ती मोकळी करा आणि उद्या सकाळी आजीजवळ बसा.

 मोबाइल घेऊन ज्यांना माझ्याकडे यायचे असेल त्यांनी जरूर यावे, पण उत्सव संपल्यावर!

गणपती बाप्पा मोरया!