प्रश्न विचारण्याची भाषा

(शताब्दी वर्षातील व्याख्यानाची लेखी संहिता)



ह्या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन आपले चिटणीस अवधपुरीस आमच्या घरी आले, तेव्हा मी त्यांना परत पाठवण्याच्या विचारात होतो. विज्ञान, आरोग्य आणि रोजचे जगणे ह्यांविषयी तज्ज्ञांशी संवाद, असा विषय त्यांनी काढला होता. मी म्हणालो, एखाद्या डॉक्टरांना बोलवा, शास्त्रज्ञांना बोलवा. मी मराठीचा अध्यापक, माझे ह्यात काय काम? ते शांतपणे म्हणाले, "तज्ज्ञ आपण बोलावूच. पण तज्ज्ञाला विचारायचे कसे, हे कोणी सांगायचे?" ह्यावर मला उत्तर सुचले नाही आणि म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे.

आरंभ स्वयंपाकघरापासून करतो. मागे आमच्या घरी तुरीची डाळ शिजेनाशी झाली. कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या, डाळ रात्रभर भिजत घातली, अखेर दोष दुकानदाराच्या माथी मारून दुकान बदलले. तरी वरण आपले पाणी वेगळे आणि डाळ वेगळी. महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांजवळ मी हे गाऱ्हाणे काढले. मला वाटले, ते काहीतरी सूत्र सांगतील. त्यांनी उलट मलाच विचारले, "पाणी नळाचे की बोअरचे? आणि हे कधीपासून?" मला आठवले, नळाचे पाणी अपुरे पडू लागल्यापासून आम्ही बोअरचे पाणी वापरत होतो. ते म्हणाले, "एकाच डब्यातली डाळ दोन भांड्यांत घ्या, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात बोअरचे. एकाच कुकरमध्ये लावा आणि उद्या मला सांगा." दुसऱ्या दिवशी मी सांगितले, आणि मग त्यांनी कारण उलगडले. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. डाळीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य असते, ते ह्या क्षारांमुळे घट्ट होते. मग कितीही शिजवा, दाणा फुटत नाही. चिमूटभर सोड्याने डाळ मऊ होते खरी, पण त्याने डाळीतले थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते, हेही त्यांनी न विचारता सांगितले. त्या दुकानदाराची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

ह्या लहानशा प्रसंगात मला एक गोष्ट जाणवली. व्याख्यानात तज्ज्ञ बोलतो आणि आपण ऐकतो. तेथे विषय त्याचा असतो. संवादात विषय आपला असतो, आपल्या घरातल्या पाण्याचा, आपल्या गुडघ्याचा. म्हणून तज्ज्ञाला आधी आपल्याला विचारावे लागते. जो तज्ज्ञ उलट प्रश्न विचारत नाही, त्याच्या उत्तराविषयी मला अलीकडे थोडी शंकाच येते.

आता भाषेकडे येतो, कारण तेवढाच माझा अधिकार आहे. माझी आई ऐंशीच्या घरात असताना पायाच्या दुखण्याने हैराण झाली. येथील डॉक्टर सज्जन होते, हिंदीत विचारायचे, "अम्मा, दर्द कैसा है?" आयुष्याची चाळीसेक वर्षे भोपाळात काढूनही तिची हिंदी भाजीबाजारापुरतीच होती. ती म्हणायची, "बस, दुखता है." घरी मात्र ती मला सांगे, की दिवसा नुसते जड वाटते, संध्याकाळी मुंग्या येतात, रात्री मधूनच चमक निघते, आणि ठणका मात्र कधी नसतो. कळ, ठणका, चमक, शिणक, आग, मुंग्या, रग लागणे! एवढी बारीक वर्गवारी तिच्याजवळ होती आणि त्यातले एक अक्षरही डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हते. हिंदीत असे शब्द नाहीत असे मुळीच नव्हे. टीस आहे, मरोड़ आहे, हूक आहे. पण ते तिचे नव्हते. पुढच्या खेपेस मी बरोबर गेलो आणि एकेका शब्दाचा अर्थ डॉक्टरांना समजावून सांगितला. ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारी वेदना, कळ म्हणजे लाटेसारखी येऊन ओसरणारी, चमक म्हणजे विजेसारखी क्षणिक. डॉक्टरांनी लिहून घेतले आणि म्हणाले, "हे आधी कळले असते तर बरे झाले असते. हे नसेचे दुखणे दिसते." एम. ए. मराठीच्या पदवीचा इतका रोकडा उपयोग मला त्याआधी कधी झाला नव्हता.

सामान्य माणसाने मराठीत विचारावे आणि जाणकाराने मराठीत उत्तर द्यावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' काढले. पुढे १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' मासिक आले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ह्या थोर कामाचा केवळ उल्लेख करून मी पुढे जातो, कारण मला ज्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायचे आहे, ते गृहस्थ ह्या मालिकेत बहुधा बसवले जात नाहीत. ते म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ पुत्र गणिताचे प्राध्यापक होते. मुंबईत १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि ह्या कार्यापायी विल्सन कॉलेजातील नोकरी गमावली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, ते १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत. ह्या मासिकात वाचक प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरे देत. ते प्रश्न कोणते असतील ह्याची कल्पना करा. आईला, बापाला, मास्तरांना, कुटुंबाच्या डॉक्टरांनाही जे विचारता येत नाही, ते माणसे कर्व्यांना लिहून विचारत. कामजीवनाविषयीच्या भयापायी माणसे झुरत असत. ह्या भयावर औषध एकच, ते म्हणजे खरे आणि निःसंकोच उत्तर. ते देण्याची तयारी असणारा माणूस त्या काळात विरळा.

अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा युक्तिवाद मला आजच्या विषयाचा गाभाच वाटतो. वाचकांनी विचारले म्हणून कर्व्यांनी उत्तर दिले; प्रश्न कोणाला विकृत वाटला, तरी विकृती जाईल ती ज्ञानानेच, दुसरा मार्ग कोणता? खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्याआधीच्या खटल्यातही त्यांना दंड झालाच होता. मासिक मात्र बंद पडले नाही. मला येथे कर्व्यांइतकेच त्या अनामिक वाचकांचे कौतुक वाटते. उत्तर देणाऱ्याचे धैर्य आपण सांगतो. पत्र लिहून पाकीट चिकटवणाऱ्याचे सांगत नाही.

विचारणाऱ्याचा मान राखणारे दुसरे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल. ही युक्ती वरवर गमतीची आहे, पण सही मिळवण्यासाठी मुलाला आधी विचार करावा लागे.

आणि आपल्याच मध्य प्रदेशात, भोपाळहून फार लांब नव्हे, अशी एक गोष्ट घडली जी मराठी वाचकांना पुरेशी माहीत नाही. होशंगाबाद जिल्ह्यातील (आताचे नर्मदापुरम्) १६ शाळांत १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या संस्थांनी प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील मंडळी खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर बसत. पुढे हे काम १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' ह्या भोपाळच्या संस्थेने वाढवले. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' ह्या पुस्तकांत सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनात येईल तो प्रश्न सवालीरामला पत्राने विचारायचा आणि सवालीराम उत्तर धाडायचा. मुलांच्या दृष्टीने तो खराखुरा माणूस होता. त्याच्यामागे शिक्षक आणि शास्त्रज्ञ होते. परीक्षेत पुस्तक जवळ बाळगायला परवानगी असलेला हा अभ्यासक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. वाद पुष्कळ झाले. पण खेड्यातल्या मुलाचे पत्र येते आणि त्याला उत्तर द्यायचे असते, एवढे जरी त्या तीस वर्षांतून आपण उचलले तरी पुष्कळ आहे.

भोपाळात उभे राहून मी हे सर्व इतक्या आग्रहाने का सांगतो, हे आपण ओळखले असेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मी शाळकरी मुलगा होतो. आमचे घर भेलच्या बाजूला, कारखान्यापासून दूर, म्हणून वाचलो. युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. हा वायू हवेहून जड, म्हणून तो जमिनीलगत पसरला आणि लहान मुलांना त्याचा फटका अधिक बसला. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, इतकी साधी सूचना लोकांना ठाऊक असती तर कित्येक वाचते. हमीदिया रुग्णालयात रोग्यांची रीघ लागली तेव्हा डॉक्टरांनाही वायूचे नाव आणि उपाय माहीत नव्हता. शेजारी काय साठवले आहे, हे वस्तीने विचारले नव्हते असे म्हणवत नाही. राजकुमार केसवानी ह्या पत्रकाराने विचारले होते. डिसेंबर १९८१ मध्ये अशरफ नावाचा कामगार फॉस्जीनने दगावल्यावर त्यांनी कारखान्याचा पिच्छा पुरवला, कोणता वायू हवेहून जड आहे हे समजून घेतले, १९८२ मध्ये आपल्या 'रपट' साप्ताहिकात आणि जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त धोक्याची सूचना दिली. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज कोणाला वाटली नाही.

नंतर तज्ज्ञांतही मतभेद झाले. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. हीरेश चंद्र ह्यांना शवविच्छेदनात रक्ताचा रंग चेरीसारखा लाल दिसला, सायनाइडचा संशय आला, आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने द्यावीत की नाहीत ह्यावरून दीर्घ वाद माजला. ह्या वादात रोगी मात्र रांगेत उभे होते, आणि कोणते मत कशावरून, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगणारे थोडे होते. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांवर कामगारांना आणि आसपासच्या लोकांना माहिती देण्याचे बंधन आले. विचारण्याचा हक्क कागदावर आला तो असा, एवढी किंमत मोजून.

आता आपल्या ग्रंथालयाविषयी. चिटणिसांशी बोलताना एक योजना ठरली आहे. ग्रंथपालांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तीत सभासदांनी आपला प्रश्न आपल्याच शब्दांत लिहायचा. शुद्धलेखन मी तपासणार नाही, हे वचन देतो. महिन्यातून एकदा एक जाणकार येतील. त्यांनी भाषण करायचे नाही, वहीतील प्रश्न घ्यायचे. ते मराठी जाणत नसतील तर आपल्यापैकी कोणीतरी शेजारी बसून शब्द समजावून देईल, जसा मी आईच्या शेजारी बसलो होतो. गेल्या पंधरा दिवसांत वहीत काही प्रश्न आले आहेत. इन्सुलिन रेल्वेच्या लांब प्रवासात कसे न्यावे? रात्री झाडाखाली झोपू नये म्हणतात ते खरे का? नातवाच्या चष्म्याचा नंबर मोबाईलने वाढतो का? एकाने पान भरून मधाविषयी लिहिले आहे, त्यात प्रश्न कोठे आहे ते अजून सापडलेले नाही.

एका पानावर मात्र नाव नाही. अक्षर थरथरते आहे. तेथे केवळ इतकेच लिहिले आहे, की एक गोष्ट विचारायची आहे, पण चारचौघांत वाचली जाईल. ते वाचून मी ग्रंथपालांना सांगून एक बंद पेटी ठेवायला लावली. चिठ्ठीवर नाव लिहिण्याची गरज नाही. ती उघडतील ते फक्त येणारे डॉक्टर. पेटी वाचनकक्षाच्या दाराआड, जिन्याच्या अंगाला आहे. तेथे सहसा कोणी बसलेले नसते.