काळ्या शाईच्या छटा

काळा तो काळाच, त्यांत उष्ण-शीत भेद कसला, असें आपणांस वाटेल. परंतु इंकजेट यंत्रांत शुद्ध कार्बनची शाई कागदावर किंचित् तपकिरी उमटते. तिच्या जोडीस थोडी आकाशी व फिकट किरमिजी शाई दिली म्हणजे चित्र शीतल भासतें. कोणत्या छटेस कोणती शाई किती द्यावी, हें दाखविणारी ती वक्ररेषा. रॉय हॅरिंग्टन यांच्या ‘क्वाडटोन रिप’ या आज्ञावलींत उष्ण व शीत अशा दोन वक्ररेषा हव्या त्या प्रमाणांत मिसळतां येतात. छायेंत उष्ण आणि उजेडांत शीत, अशीही योजना साधते. मात्र दोन्ही रेषा त्याच कागदासाठीं आंखलेल्या व पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सारख्या पायऱ्यांनीं उतरणाऱ्या असाव्यात. नाहींतर रंग बदलतांना चेहऱ्यावरील उजेडही बदलतो.

मिश्रण ठरवितांना केवळ डोळ्यांचा कौल घेऊं नये. कार्बन फार टिकाऊ. रंगीत शाई त्यामानानें लवकर विटते. आजोबांची तसबीर नातवंडांच्याही भिंतीवर राहावी अशी इच्छा असेल, तर शीतलतेचा मोह आवरून कार्बनचा वांटा अधिक ठेवावा, हेंच श्रेयस्कर.