मोटारीच्या पाठीमागचा तांबडा दिवा

मोटार चालविणाऱ्यास स्वतःच्या गाडीचा जो भाग काम करीत असतांना कधींच दिसत नाहीं, तो म्हणजे पाठीमागचा ब्रेकचा दिवा. पुढचे दिवे गेले तर रस्ताच अंधारांत बुडतो. भोंगा मुका झाला तर तो दाबतांच कळतें. ब्रेकचा दिवा मात्र गुपचूप विझतो, आणि तो विझल्याची पहिली बातमी पुष्कळदां मागून आदळणाऱ्या गाडीकडूनच मिळते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धावणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. पुढची गाडी थांबत आहे हें मागच्या चालकाला कळण्यास एका सेकंदाचा उशीर झाला, तर बोरघाटाच्या उतारावर तेवढी मोकळी जागा मध्यें असतेच असें नाहीं.

पुण्याच्या एका वयस्क गृहस्थांचें उदाहरण घ्यावें. पत्नी व नातू यांना घेऊन ते दुसऱ्या दिवशीं मुंबईस निघावयाचे होते. सायंकाळीं पेट्रोल भरावयास थांबले असतां मागच्या गाडींतील तरुण उतरून म्हणाला, "अहो काका, तुम्ही ब्रेक दाबतां तेव्हां मागें कांहींच लागत नाहीं!" गृहस्थांना तें पटेना. मागें जाऊन पाहतात तों दोन्ही तांबडे दिवे जळत होते!

पुष्कळांची फसगत होते ती येथेंच. जुन्या धर्तीच्या गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्यें दोन तारा असतात. एक ५ वॅटची, रात्रीं मंद तेवणारी, आणि दुसरी २१ वॅटची, ब्रेकच्या वेळीं प्रखर होणारी. मंद तार जळते म्हणून प्रखर तारही शाबूत आहे असें ठरत नाहीं. एकट्यानेंच परीक्षा करावयाची तर संध्याकाळीं गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी, ब्रेक दाबावा, आणि भिंतीवरचा तांबडा उजेड वाढतो कीं नाहीं तें आरशांतून पाहावें.

गृहस्थांच्या नेहमींच्या मिस्त्रीनें एकदम सगळे बल्ब बदलले. उपयोग शून्य, पैसे मात्र गेले. वस्तुतः हत्यार हातीं घेण्यापूर्वीं 'किती दिवे बंद आहेत?' हा प्रश्न विचारावयास हवा होता. एकच बंद असेल तर दोष त्या बल्बांत किंवा त्याच्या होल्डरांत. डावा, उजवा आणि कांचेजवळचा उंच दिवा असे तिन्ही एकाच दिवशीं विझले, तर तिन्ही बल्ब एकदम उडाले असें मानण्यापेक्षां सर्वांचा जो सामाईक मार्ग, म्हणजे फ्यूज व पेडलजवळचा स्विच, तिकडे आधीं वळावें.

रात्रीं त्यांचा भाचा आला. त्यानें एका लहान बल्बला दोन तारा जोडल्या. एक गाडीच्या उघड्या लोखंडास लावली व दुसरीनें शोध चालविला. फ्यूजच्या दोन्ही टोकांना बल्ब लागला, म्हणजे फ्यूज ठीक. मग तो पेडलखालीं वांकला. स्विचच्या एका टोकाशीं प्रवाह होता. मामांनीं ब्रेक दाबला तरी दुसरें टोक निर्जीवच राहिलें. चोर सांपडला. खात्रीसाठीं त्यानें दोन्ही टोकें तारेच्या तुकड्यानें जोडतांच मागें तिन्ही दिवे लखकन् लागले. साध्या, दोनच टोकांच्या स्विचवर हा प्रयोग चालतो. नव्या गाड्यांतील अनेक तारांच्या स्विचवर करूं नये.

स्विच सकाळीं दुकान उघडतांच मिळाला आणि पंधरा मिनिटांत बसला. बसवितांना एक गोष्ट सांभाळावी लागते. पेडल मोकळें असतां स्विचचा दट्ट्या आंत दाबलेला असावा. पेडल दाबलें कीं तो बाहेर येतो आणि प्रवाह सुरू होतो. पेडलवरची प्लॅस्टिकची लहानशी टिकली झिजून पडली, तर दट्ट्या सदा बाहेरच राहतो, दिवे रात्रभर जळतात, सकाळीं बॅटरी मेलेली. शिवाय सदा जळणाऱ्या दिव्याकडून मागच्यास कांहींच बोध होत नाहीं.

एकच दिवा मिणमिणत असेल, किंवा वळण्याचा दिवा लावतांच तोही लुकलुकत असेल, तर बहुधा अर्थिंग बिघडलेलें असतें. पावसाळ्यांत होल्डरांत धरलेला गंज बारीक कागदानें घासला कीं बहुतेक वेळां काम भागतें. फ्यूज वारंवार जात असेल तर जाड फ्यूज घालण्याचा मोह घातक आहे. डिकीच्या बिजागरीपाशीं तारा रोज वांकतात. तेथें त्यांचें आवरण फाटलें आहे काय हें आधीं पाहावें.

उंच बसविलेल्या तिसऱ्या दिव्यास कित्येक जण शोभेचा समजतात. अमेरिकेंत मोटारींना तो १९८६ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. मधली गाडी ओलांडून तिच्याही पुढची गाडी थांबल्याचें तिसऱ्या चालकाला दिसतें, तें पुष्कळदां याच दिव्यामुळें.

गृहस्थ त्या दिवशीं दोन तास उशिरा निघाले. निघण्यापूर्वीं नातवाला गाडीमागें थोडा दूर, बाजूस उभा करून त्यांनीं तीनदां ब्रेक दाबला, आणि तिन्ही वेळां "लागला, आजोबा!" असा पुकारा झाल्यावरच मुंबईचा रस्ता धरला.